विजयाची दुहेरी नोंद

सामना संपल्यावर सामनावीर कोण, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. त्यासाठी सामना बघावा लागत नाही. कोणता संघ जिंकला एवढं विचारायचं आणि त्या संघात सगळ्यांत जास्त धावा कोणाच्या, ते बघायचं. बहुतेक वेळा तोच निघतो. तो नसला, तर त्याच संघात सगळ्यांत जास्त बळी ज्यानं घेतले, तो असतो. एवढ्या कामासाठी जाणत्या मंडळींची एक समिती बसते, चहा पिते, माना डोलावते आणि मग माइकवरून ते नाव अशा थाटात जाहीर करते, की जणू उत्खननात सापडलं असावं.

समितीतली माणसं हुशार असतात, याबद्दल वाद नाही. त्यांनी आयुष्य मैदानावर काढलेलं असतं. मी ते काउंटरच्या मागं काढलं. पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि वीसेक वर्षं बँकेत व्हाउचरं तपासतो आहे. त्यामुळे एकच रक्कम दोन ठिकाणी जमा झालेली दिसली, की माझ्या डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं होतं. संघ जिंकला म्हणून संघाला कप मिळाला, ही एक जमा झाली. संघ जिंकला म्हणून त्याच संघातल्या एकाला हार घातला, ही त्याच विजयाची दुसरी जमा. आता जमा आहे तिथं नावे कुठंतरी पडणारच, हे तर आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. ही नावे पडते पराभूत संघातल्या एखाद्या माणसाच्या खात्यावर. त्या दिवशी मैदानावर सगळ्यांत चांगला तोच खेळलेला असतो. बक्षीस समारंभ चालू असताना तो पॅड सोडत असतो.

हा संशय माझ्या मनात शिरायला आमचं गावही थोडं कारण आहे. आमचं कारधा वैनगंगेच्या काठावर आहे. एका तीरावर भंडारा, दुसऱ्या तीरावर आम्ही. उरलेल्या महाराष्ट्राला एरवी आमची आठवण येण्याचं काही कारण नसतं. पण पावसाळ्यात नदी भरली, की आमचं नाव बातम्यांत झळकतं. 'कारधा येथे वैनगंगेने धोक्याची पातळी ओलांडली!' ही पातळी २४५.५० मीटरची. मग पुण्या-मुंबईचे नातलग फोन करतात. एकानं तर मला विचारलं होतं, "काय हो, तुमच्या कारध्यानं यंदा भलताच पूर आणला म्हणे?"

आता कारध्यानं काय आणला? नदी उगम पावते मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात. तिथून बालाघाटकडून वळणं घेत ती आमच्याकडे येते. पाऊस तिकडे कोसळतो, उपनद्या तिकडे फुगतात, आणि आमच्या पुलाशी नुसती मोजणी होते. म्हणजे पाणी त्यांचं, नाव आमचं. आमच्याकडची म्हातारी मंडळी म्हणतात, "पानी कोठचं अन् नाव कोनाचं, बाप्पा!" मोजपट्टी खोटं बोलत नाही. पाणी तिथवर आलेलंच असतं. पण पाणी आणल्याबद्दल मोजपट्टीचा सत्कार करावा, असं मात्र अजून कोणाला सुचलेलं नाही. खेळाच्या जगात ते रोज सुचतं.

या रोगाचं सगळ्यांत मोठं इस्पितळ अमेरिकेत आहे, असं मला माझ्या भाच्यामुळे कळलं. तो तिकडे न्यू जर्सीत असतो आणि त्याला बास्केटबॉलचं वेड आहे. आम्हाला बास्केट म्हणजे टोपली एवढंच ठाऊक, आणि कारध्यात टोपलीत भाजी ठेवतात. ती दहा फूट उंच टांगून वर तिचा तळ काढून टाकायचा आणि मग त्यातून चेंडू खाली पडला म्हणून आनंद मानायचा, ही कल्पना आमच्याकडे कोणाला रुचली नसती. पण भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही हिशेबातले आहात, तुम्हाला हे आवडेल. इथे दरवर्षी एम.व्ही.पी. निवडतात. मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर."

"म्हणजे सगळ्यांत मौल्यवान खेळाडू?"

"हो."

"आमच्याकडे मौल्यवान वस्तू लॉकरमध्ये ठेवतात. तुमच्याकडे काय करतात?"

"मतदान करतात, मामा."

आणि खरंच करतात. तिथल्या एन.बी.ए. या व्यावसायिक स्पर्धेत प्रत्येक संघ एका हंगामात ८२ सामने खेळतो. साखळी संपली, की सुमारे शंभर पत्रकार आपल्या पसंतीची पाच नावं क्रमानं लिहून देतात. पहिल्या नावाला दहा गुण, मग सात, पाच, तीन आणि एक. पूर्वी हे मत खेळाडूच देत असत. १९८०-८१ पासून ते पत्रकारांकडे गेलं. पद्धत अशी चोख, की आमच्या प्रशासकीय कार्यालयानंही हेवा करावा. पण निकाल बघा.

१९६१-६२ च्या हंगामात विल्ट चेंबरलेन नावाच्या धिप्पाड गृहस्थानं सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण मिळवले. सरासरी, बरं का! कोणत्याही हंगामात हा आकडा पुन्हा कोणाला गाठता आलेला नाही. त्याच हंगामात ऑस्कर रॉबर्टसननं गुण, झेपावून पकडलेले चेंडू आणि सहकाऱ्यांना करून दिलेल्या संधी या तिन्ही खात्यांत सरासरी दोन आकडी शिल्लक ठेवली. आणि सगळ्यांत मौल्यवान कोण ठरला? बोस्टनचा बिल रसेल. कारण बोस्टननं ८० पैकी ६० सामने जिंकले होते. रसेल थोर होताच. बचाव म्हणजे काय हे त्यानं त्या खेळाला शिकवलं. पण त्या वर्षी पन्नासाची सरासरी दुसऱ्या नंबरवर राहिली आणि तिन्ही खाती भरणारा तिसरा आला.

पुढं १९८६-८७. मायकेल जॉर्डन सरासरी ३७.१ गुण. त्याचा शिकागो संघ ८२ पैकी ४० जिंकला. मान मिळाला लॉस एंजलिसच्या मॅजिक जॉन्सनला, कारण त्यांचे विजय ६५. जॉन्सन काही ऐरागैरा नव्हता. पण त्याच्या शेजारी करीम अब्दुल-जब्बार आणि जेम्स वर्दी उभे होते. जॉर्डनच्या शेजारी कोण उभं होतं, ते आठवायला शिकागोच्या माणसालाही डोकं खाजवावं लागेल.

अपवाद आहेत. याच करीमला १९७५-७६ मध्ये हा मान मिळाला, तेव्हा त्याचा संघ ४० जिंकला आणि ४२ हरला होता. त्या वेळी मतदार खेळाडू होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कोणाला अडवताना दम लागतो, हे अडवणाऱ्यालाच जास्त कळतं. २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकचा संघ फक्त ४७ जिंकला, तरी तो निवडला गेला. पण त्यासाठी त्याला रॉबर्टसनचा तो तिहेरी पराक्रम तब्बल ५५ वर्षांनी पुन्हा करून दाखवावा लागला. म्हणजे ६० सामने जिंकणाऱ्या संघातल्या माणसानं चांगलं खेळलं तरी भागतं. कमी जिंकणाऱ्या संघातल्या माणसानं मात्र इतिहास घडवायचा. एकाला पगारावर कर्ज मंजूर होतं, दुसऱ्याकडे दोन जामीनदार आणि घराचे कागद मागतात.

अंतिम फेरीच्या मानकऱ्याची तर आणखी मौज आहे. हा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो हरलेल्या संघातल्या जेरी वेस्टला दिला गेला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, पण हरलेल्याला तो पुन्हा एकदाही मिळालेला नाही. पहिल्या वर्षी नियम नीट समजले नसावेत.

आता पंचांचीही बाजू ऐकली पाहिजे. बँकेतही कर्ज बुडवणाऱ्याचं म्हणणं आम्ही लेखी घेतो. पंच म्हणतात, पुरस्काराचं नाव 'सर्वांत मौल्यवान' असं आहे, 'सर्वांत देखणा खेळ' असं नाही. मोल कशावरून ठरतं? संघ जिंकण्यावरून. हरणाऱ्या संघात काढलेलं शतक म्हणजे बुडत्या डोंग्यात बसून सुरेख वल्हवणं. दिसायला छान, पण कोणीच पलीकडे पोचत नाही. शिवाय दुबळ्या संघात एकाच माणसाच्या वाट्याला जास्त चेंडू येतात, म्हणून त्याचे आकडे फुगतात.

हे म्हणणं खोटं नाही. शंकरपटाचंच उदाहरण घ्या. न्यायालयानं २०१४ मध्ये बंद केलेले पट २०२१ च्या डिसेंबरात अटींवर पुन्हा सुरू झाले, तेव्हा आमच्या भागात दिवाळी दुसऱ्यांदा आली. पटावर बैलजोडी धावते. बक्षीस जोडीला. उजवा बैल जास्त धावला की डावा, याची चर्चा पान खाताना होते, पण मंडपातून कोणी 'सर्वांत मौल्यवान बैल' असं पुकारत नाही. उजव्यानं कितीही जीव तोडला आणि डावा अडून बसला, तर जोडी हरली. हा चोख न्याय आहे. तसंच करायचं असेल, तर कप संघाला द्या, सगळ्यांना सारखी मिठाई वाटा आणि दुसरा पुरस्कार ठेवूच नका. पण एकदा का तुम्ही जोडीतून एक बैल बाजूला काढून त्याच्या शिंगांना बेगड लावायचं ठरवलंत, की मग तुम्हाला त्या बैलाकडे बघावं लागेल. जोडी कितवी आली, एवढ्यावर भागणार नाही.

गोम इथंच आहे. 'ज्याच्यामुळे संघ जिंकतो तो' आणि 'जिंकणाऱ्या संघात जो असतो तो' ही दोन निराळी माणसं असू शकतात. पहिला शोधायला डोळे लागतात. दुसरा शोधायला गुणतक्ता पुरतो. काम दुसऱ्याचं करायचं आणि पाटी पहिल्याची लावायची, याला आमच्या लेखापरीक्षकांच्या भाषेत एक शब्द आहे, पण तो घरंदाज वाचकांसमोर लिहिण्यासारखा नाही.

बँकांतही हे चालतं. कोणत्या बँकेत ते सांगत नाही, कारण महिन्याची एक तारीख मला प्रिय आहे. दरवर्षी एक उत्कृष्ट शाखा निवडतात. ठेवी जिच्या जास्त, ती उत्कृष्ट. आणि मग उत्कृष्ट कर्मचारी त्या उत्कृष्ट शाखेतूनच निवडतात. मागं एकदा हा मान हायवेवरच्या एका शाखेला मिळाला. तिच्या शेजारी एका मोठ्या कंत्राटदाराचं ऑफिस आलं होतं आणि त्याचं खातं तिथं उघडलं गेलं. खातं तो स्वतः चालत येऊन उघडून गेला होता. दुसऱ्या टोकाला धानाच्या पट्ट्यातली एक तीन माणसांची शाखा. तिथला एक कारकून निराधार योजनेच्या दीडदोनशे म्हाताऱ्यांना नावानं ओळखतो. धानाच्या चुकाऱ्याचे पैसे आले, की रांगेतल्या प्रत्येकाची स्लिप स्वतः भरून देतो. अंगठा उमटेना तर भिंतीवर बोट पुसायला सांगून पुन्हा घेतो. त्याची शाखा ठेवींच्या यादीत शेवटून दुसरी. त्याला शाल मिळत नाही. मी एकदा एका साहेबांना विचारलं, "सर, तो माणूस हायवेवरच्या शाखेत असता तर?" साहेब म्हणाले, "मग त्यालाच मिळाली असती!" आपण काय बोलून गेलो, हे साहेबांच्या लक्षात आलं नाही. ते शांतपणे मसाला डोसा खात राहिले.

क्रिकेटात तरी बरं आहे का? विश्वचषकाचा हिशेब मी काढून ठेवला आहे. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू निवडायला १९९२ साली सुरुवात झाली. तेव्हापासून २०२३ पर्यंत पन्नास षटकांचे नऊ विश्वचषक झाले. त्यांत चारदा मान जेत्यांकडे गेला : १९९६ ला जयसूर्या, २००७ ला मॅकग्रा, २०११ ला आपला युवराज आणि २०१५ ला स्टार्क. पाचदा तो न जिंकलेल्यांकडे गेला : १९९२ ला मार्टिन क्रो, १९९९ ला क्लुसनर, २००३ ला सचिन, २०१९ ला विल्यम्सन आणि २०२३ ला कोहली. म्हणजे क्रिकेट अमेरिकेपेक्षा उदार दिसतं. मलाही आनंद झाला आणि मी पेन्सिल कानावर ठेवली.

पण ती पुन्हा काढावी लागली. त्या पाच जणांचे संघ कुठवर गेले होते बघा. क्रो आणि क्लुसनर यांचे उपांत्य फेरीपर्यंत. सचिन, विल्यम्सन, कोहली यांचे थेट अंतिम सामन्यात. उपांत्य फेरीच्या अलीकडे बाद झालेल्या संघातला एकही माणूस या यादीत नाही. म्हणजे नियम असा : हरा, पण फार लवकर हरू नका.

२०१९ साली बांगलादेशच्या शकीब अल हसननं ६०६ धावा काढल्या आणि ११ बळी घेतले. एकाच विश्वचषकात एवढं दुहेरी काम त्याआधी कोणी केलं नव्हतं. विल्यम्सनच्या धावा ५७८. तो कप्तान म्हणून अप्रतिम होता आणि अंतिम सामना ज्या रीतीनं त्याच्या हातून गेला, त्यानंतर त्याला काहीतरी द्यावं असं दगडालाही वाटलं असतं. पण बांगलादेश दहा संघांत आठवा आला होता. शकीब एकटाच दोन माणसांचं काम करत होता आणि शाखा मात्र शेवटून तिसरी.

१९९६ तर आपल्या सगळ्यांच्या जिव्हारी लागलेलं वर्ष. त्या विश्वचषकात सचिनच्या ५२३ धावा, स्पर्धेत सर्वांत जास्त. जयसूर्याच्या २२१ आणि सात बळी. जयसूर्यानं पहिल्या पंधरा षटकांत फलंदाजी कशी करायची, हे सगळ्या जगाला उलटं करून दाखवलं, हे मान्य. पण श्रीलंका उपांत्य फेरीत हरली असती, तर हेच २२१ कोणी क्रांती म्हणून वाचले असते का? की 'चांगली सुरुवात करून बाद होणारा' असं म्हटलं असतं? कप हातात आला, की मागचे सगळे फटके दूरदृष्टीचे ठरतात. तेच फटके हरल्यावर बेजबाबदार असतात.

आमच्या शास्त्रात शिलकी मालाचं मूल्यमापन करताना एक जुना नियम आहे : खरेदीची किंमत किंवा बाजारभाव, यांत जे कमी असेल ते धरा. पंच हा नियम पराभूतांना लावतात. जेत्यांना लावताना 'कमी'च्या जागी 'जास्त' वाचतात.

आता एक गोष्ट अभिमानानं सांगतो. हरणाऱ्या संघातल्या माणसाला मान देण्याच्या बाबतीत आमचं नागपूर पुण्यवान आहे. २००० च्या नोव्हेंबरात झिम्बाब्वेचा संघ तिथं कसोटी खेळला. मालिका दोन कसोट्यांची, दिल्लीची आपण जिंकलेली. नागपुरात आपण ६ बाद ६०९ वर डाव सोडला, त्यांना फॉलोऑन दिला आणि मग अँडी फ्लॉवर नावाचा यष्टिरक्षक उभा राहिला तो हललाच नाही. नाबाद २३२. सामना अनिर्णित. त्या सामन्यात आपल्या सचिनच्या नाबाद २०१ होत्या, तरी सामनावीर फ्लॉवर. आणि मालिका आपण जिंकूनही मालिकावीर तोच, कारण दोन कसोटींत ५४० धावा. मग २००८ चा नोव्हेंबर, जामठ्याच्या नव्या मैदानावरची पहिली कसोटी. ऑस्ट्रेलियाचा जेसन क्रेझा पहिलीच कसोटी खेळत होता. त्यानं १२ बळी घेतले आणि त्यासाठी ३५८ धावा मोजल्या. असा खर्च आमच्या बँकेत कोणी केला असता, तर चौकशी लागली असती. ऑस्ट्रेलिया १७२ धावांनी हरली, पण सामनावीर क्रेझाच.

हे कसं घडलं? माझं उत्तर असं, की कसोटी पाच दिवस चालते आणि बघणाऱ्यांपुढं एकच सामना असतो. फ्लॉवर डोळ्यांदेखत दिवसभर खेळत राहिला, तर त्याला न बघणं अवघड जातं. पण हंगाम लांबला, संघ वाढले, सामने शेकड्यांनी झाले, की बघणारा थकतो. मग तो गुणतक्ता वरून वाचायला लागतो आणि तीन-चार ओळींनंतर त्याला झोप येते. खालच्या ओळींतली माणसं त्या झोपेत हरवतात.

ती कशी हरवतात, हे रणजीत दिसतं. विदर्भ रणजी खेळायला लागला १९५७-५८ मध्ये आणि पहिल्यांदा ती जिंकला १ जानेवारी २०१८ ला, इंदूरला, दिल्लीला हरवून. मध्ये साठ वर्षं गेली. त्या साठ वर्षांत विदर्भात बॅट धरता येणारा एकही माणूस जन्माला आला नाही, असं कोणी म्हणणार असेल, तर मी त्याच्या हातचा चहा पिणार नाही. माणसं होती. पण संघ पहिल्या फेऱ्यांत बाद व्हायचा. मार्च महिन्यात निवड समितीची मंडळी उपांत्य आणि अंतिम सामन्यांना खुर्च्या टाकून बसायची, तेव्हा आमची पोरं कचेरीत हजेरीपत्रकावर सही करत असायची. उमेश यादव कसोटी संघात गेला २०११ साली. विदर्भाचा तो पहिला कसोटीपटू. म्हणजे पहिल्या रणजी सामन्यापासून पन्नासहून जास्त वर्षांनी. या काळात किती चांगल्या डावांच्या खाली 'विदर्भ पराभूत' अशी ओळ आली असेल, याची खतावणी कोणाकडे आहे?

आता दिवस फिरले. २०२४-२५ ची रणजी विदर्भानं तिसऱ्यांदा जिंकली, तीही जामठ्यात, केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर. आमच्या हर्ष दुबेनं त्या हंगामात ६९ बळी घेतले. रणजीच्या इतिहासात एका हंगामात इतके कोणी घेतले नव्हते. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला आणि तो ठरायलाच हवा होता. त्याच्या ६९ मधला एकही बळी मी कोणाला द्यायचा नाही.

पण मोडलेला विक्रम कोणाचा होता, हे विचारायला हरकत नाही. तो होता बिहारच्या आशुतोष अमनचा. २०१८-१९ मध्ये ६८ बळी. त्यानं तरी कोणाचा मोडला? बिशनसिंग बेदींचा, १९७४-७५ मधल्या ६४ बळींचा. बेदींचा विक्रम मोडणाऱ्या माणसाचं नाव तुम्ही ऐकलं होतं का? मीही विक्रम मोडला गेला तेव्हाच नीट ऐकलं. कारण बिहार प्लेट गटात होता आणि बाद फेरीत पोचला नाही. अमनला आठ सामने मिळाले. दुबेच्या विदर्भाला साखळीचे सात आणि पुढं उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम असे दहा.

लगेच कोणी म्हणेल, अमनचे बळी स्वस्तातले होते. त्या वर्षी नऊ नवे संघ घेतले होते आणि त्याच्यासमोरचे फलंदाज नवखे होते. बरोबर आहे. दहाची नोट आणि शंभरची नोट मोजायला एकच वेळ लागतो, म्हणून किंमत एक होत नाही. समोर कोण होतं याचं वजन काढलंच पाहिजे. माझी तक्रार तेवढ्यापुरती आहे, की वजन काढा. काटा न उचलता 'हा माल खालच्या गावचा' म्हणून गाडी परत पाठवू नका.

कारण जिंकणाऱ्या संघाचा फायदा एकाच ठिकाणी होत नाही. जास्त सामने मिळतात, म्हणून आकडे वाढतात. शेवटचे सामने असतात, म्हणून बघणारे वाढतात. आणि एवढं झाल्यावर 'हा जेत्यांचा माणूस' म्हणून वर आणखी गुण देतात. मी मथळ्यात दुहेरी नोंद म्हटलं आहे, पण नीट मोजलं तर ती तिहेरी होते. २०२३-२४ चा हंगाम बघा. सर्वांत जास्त धावा आंध्रच्या रिकी भुईच्या, ९०२. सर्वांत जास्त बळी तमिळनाडूच्या साई किशोरचे, ५३. आंध्र उपांत्यपूर्व फेरीत अवघ्या चार धावांनी हरला, तमिळनाडू उपांत्य फेरीत. मान मिळाला विजेत्या मुंबईच्या तनुष कोटियनला. पाचशेवर धावा आणि २९ बळी. दोन्ही हातांनी काम केलेला गुणी मुलगा, त्याची निवड चूक म्हणण्याची माझी छाती नाही. पण त्या चार धावा आंध्रला मिळून गाडी पुढं गेली असती, तर समितीच्या कागदावर कोणतं नाव वर आलं असतं? ज्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या अकरा जणांच्या चार धावांवर ठरतं, तो प्रश्न एका माणसाविषयीचा आहे, असं कसं म्हणायचं?

यावर उपाय फार खर्चाचा नाही. निवड समितीला कागद देताना निकालाची ओळ दुमडून द्यावी. कोणी काय केलं, कोणासमोर केलं, कोणत्या वेळी केलं, शेजारी कोण उभं होतं, हे सगळं आधी वाचू द्यावं. नावं लिहून झाली, की मग घडी उघडावी. दोन नावं अगदी तुल्यबळ असतील, तर खुशाल जेत्याला द्यावं. विजयाला काहीच किंमत नाही, असं माझं म्हणणं नाही. त्याची किंमत एकदाच मोजा, एवढंच म्हणणं आहे. आणि अमेरिकेतल्या त्या शंभर पत्रकारांनी मत देण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : हा माणूस त्या हरणाऱ्या संघात असता तर मी त्याचं नाव लिहिलं असतं का? 'नाही' असं उत्तर आलं, तर ते मत संघाला चाललेलं आहे, आणि संघाला कप आधीच मिळणार आहे.

तोवर तुम्ही-आम्ही प्रेक्षकांनी करण्यासारखं एक काम आहे. पुढच्या वेळी मंचावर कोणी चेक उंचावत असेल, तेव्हा धावफलकाचा दुसरा अर्धा भाग वाचा. सात बाद झाल्यावरही तिथं एखादा सत्तर-ऐंशी धावा करून टिकलेला दिसेल. त्याचं नाव मोठ्यानं वाचा. घरात कोणी विचारलंच, की हा कोण, तर सांगा. एवढ्यानं त्याला चेक मिळणार नाही, पण ती नोंद निदान एका वहीत तरी बरोबर पडेल.